दात भरण्याच्या कौशल्याला शास्त्राचे रूप देणारे डॉ. ग्रीन वर्डिमन ब्लॅक

किडलेला दात भरून घेण्यासाठी दवाखान्यातील खुर्चीवर बसणाऱ्या रुग्णाच्या कानावर अनेकदा डॉक्टर आणि त्यांच्या सहायकांमधील सांकेतिक बोलणे पडते. 'दुसऱ्या वर्गाची पोकळी' असे काहीसे सांगितले जाते आणि रुग्णपत्रिकेवर त्याची नोंद होते. हा वर्ग कोणी ठरवला, याची कल्पना रुग्णाला नसते. जगभरातील दंतवैद्यक महाविद्यालयांमध्ये आजही शिकवले जाणारे हे वर्गीकरण अमेरिकेतील डॉ. ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दात भरणे हा केवळ हातोटीचा भाग मानला जात असताना, त्यांनी त्याला मोजमापाची शिस्त लावली. सामान्य माणसाचा किडलेला दात उपटून न टाकता वाचवता येतो, हा विश्वास रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. या यशासाठी दाताचा काही निरोगी भागही कापावा लागला. त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय ब्लॅक यांचे कार्य नीट कळत नाही.

शेतातील बालपण

ब्लॅक यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील विंचेस्टर गावाजवळ झाला. त्यांचे बालपण शेतावर गेले. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही आणि औपचारिक शिक्षणही अत्यल्पच झाले. मात्र झाडे, प्राणी, माती यांचे निरीक्षण करण्याची त्यांना विलक्षण ओढ होती. समोरची वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून, तिची रचना समजून घेण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

वयाच्या सतराव्या वर्षी ते क्लेटन या गावी वैद्यकीय व्यवसाय करणारे आपले थोरले बंधू डॉ. थॉमस ब्लॅक यांच्याकडे वैद्यक शिकण्यासाठी गेले. त्या काळी वैद्यकाचे शिक्षण बहुधा अशाच पद्धतीने, एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली राहून घेतले जाई. १८५७ मध्ये माउंट स्टर्लिंग येथील डॉ. स्पीअर या दंतवैद्यांशी त्यांचा परिचय झाला. त्यांच्याकडे काही महिने उमेदवारी केल्यानंतर ब्लॅक यांनी विंचेस्टर येथे स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुढे ज्यांच्या ग्रंथांवर दंतवैद्यांच्या अनेक पिढ्या घडल्या, त्यांचे स्वतःचे दंतवैद्यकाचे प्रशिक्षण एवढेच होते.

लवकरच अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले. ब्लॅक यांनी उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्यात टेहळणीचे काम केले. त्या कामात गुडघ्याला इजा झाल्याने त्यांना रुग्णालयात राहावे लागले आणि सैन्यातील सेवा संपली. त्यानंतर ते इलिनॉयमधीलच जॅक्सनव्हिल या शहरात स्थायिक झाले.

सोने किंवा चिमटा

त्या काळातील रुग्णाची अवस्था आज कल्पनेत आणणेही कठीण आहे. दात बधिर करणारे इंजेक्शन उपलब्ध नव्हते. कोकेनचा स्थानिक भुलीसाठी उपयोग १८८४ मध्ये सुरू झाला, तर त्याहून सुरक्षित असे नोव्होकेन विसाव्या शतकाच्या प्रारंभी आले. किडलेला भाग हाताने चालवायच्या अवजारांनी खरवडून काढला जाई आणि ते सारे रुग्णाला शुद्धीवर असताना सोसावे लागे.

दात भरण्यासाठी उत्तम पदार्थ म्हणजे सोने, असे नामांकित दंतवैद्य मानत. सोन्याचा पातळ वर्ख थरावर थर ठेवून, ठोकून ठोकून पोकळीत बसवावा लागे. हे काम अतिशय वेळखाऊ होते. लाळेचा थेंबही लागलेला चालत नसे. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम यांनी दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावण्याची युक्ती शोधल्याने ही अडचण बरीच कमी झाली. परंतु सोन्याचा खर्च आणि दंतवैद्याचा वेळ ज्यांना परवडत नसे, त्यांच्या वाट्याला बहुधा चिमटाच येई. दात दुखला की तो काढून टाकणे, हाच गरिबांचा उपचार होता.

पायाने चालवायच्या शिलाई यंत्रासारखे दात कोरण्याचे यंत्र याच सुमारास प्रचारात येऊ लागले. जेम्स मॉरिसन यांनी १८७१ मध्ये अशा यंत्राचे एकस्व मिळवले. ब्लॅक यांनीही त्याच काळात दोरीच्या साहाय्याने फिरणारे, पायाने चालवायचे यंत्र स्वतः तयार करून वापरले होते. दंतवैद्याचे दोन्ही हात त्यामुळे मोकळे झाले आणि कोरण्याचे काम पूर्वीपेक्षा जलद आणि नेमके होऊ लागले.

व्यवसाय सांभाळून ब्लॅक यांचा अभ्यास अखंड सुरू होता. जंतूंविषयीचे नवे ज्ञान युरोपात आकार घेत होते आणि ते दंतरोगांच्या संदर्भात समजून घेणाऱ्या पहिल्या काही अमेरिकी दंतवैद्यांपैकी ते एक होते. सूक्ष्म जंतूंमुळे निर्माण होणाऱ्या विषारी द्रव्यांवरील त्यांचा ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. सेंट लुईस, शिकागो आणि आयोवा येथील दंतवैद्यक संस्थांमध्ये त्यांनी अध्यापन केले. १८९१ पासून ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक महाविद्यालयाशी जोडले गेले. १८९७ मध्ये ते तेथे अधिष्ठाता झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

पाऱ्याचा वाद

सोन्याला पर्याय म्हणून चांदी आणि पारा यांचे मिश्रण वापरण्याची पद्धत युरोपात होती. हे मिश्रण म्हणजेच अ‍ॅमलगम. आपल्याकडे 'दाढेत चांदी भरली' असे म्हटले जाते ते याच मिश्रणाला उद्देशून. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाच्या बंधूंनी ते भपकेबाज जाहिरातींसह न्यूयॉर्कमध्ये आणले. किडलेला भाग नीट न काढताच ते मिश्रण भरले जाई आणि थोड्याच काळात दात फुटत किंवा भरलेला गोळा निखळून पडे. परिणामी १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी दंतशल्यचिकित्सकांच्या संस्थेने अ‍ॅमलगम न वापरण्याची लेखी हमी आपल्या सदस्यांकडून मागितली. त्यावरून व्यवसायात उभी फूट पडली आणि १८५६ मध्ये ती संस्थाच विसर्जित झाली. दंतवैद्यकाच्या इतिहासात हा प्रसंग अ‍ॅमलगमचे युद्ध म्हणून ओळखला जातो.

या वादात मते पुष्कळ होती. मोजमापे मात्र फारशी कोणाकडेच नव्हती. ब्लॅक यांनी नेमके तेच हाती घेतले. चांदी, कथील, तांबे, जस्त यांची वेगवेगळ्या प्रमाणांतील मिश्रणे तयार करून ती त्यांनी साच्यांत भरली आणि घट्ट होताना ती किती फुगतात वा आकसतात, हे सूक्ष्ममापकाने मोजले. चांदीचे प्रमाण अधिक झाले की मिश्रण फुगते, कथील अधिक झाले की आकसते, असे त्यांना आढळले. फुगलेले मिश्रण दातावर ताण आणते, तर आकसलेल्या मिश्रणाभोवती बारीक फट राहून तेथे पुन्हा कीड लागते. मिश्रधातूचा ताजा कीस आणि काही काळ ठेवलेला कीस यांचे गुणधर्मही वेगळे असतात, हे त्यांनी दाखवून दिले. या प्रयोगांतून १८९५ च्या सुमारास त्यांनी सुमारे दोन तृतीयांश चांदी आणि सुमारे एक चतुर्थांश कथील असलेल्या संतुलित मिश्रधातूचे प्रमाण निश्चित केले. थोड्याफार फरकाने तेच प्रमाण पुढील अनेक दशके वापरात राहिले. स्वस्त, टिकाऊ आणि एकाच बैठकीत भरता येणारा पदार्थ उपलब्ध झाल्याने सामान्य कुटुंबातील माणसाचीही दाढ वाचू लागली.

याच काळात त्यांनी आणखी एक रूढ समजूत तपासून पाहिली. काही लोकांचे दात जन्मतः 'मऊ' असतात आणि म्हणून ते किडतात, असे दंतवैद्यही मानत. ब्लॅक यांनी दातांची घनता, त्यांतील क्षारांचे प्रमाण आणि दाब सहन करण्याची शक्ती मोजली. किडणाऱ्या आणि न किडणाऱ्या दातांत या बाबतीत असा कोणताही फरक आढळला नाही, की ज्यावरून कीड लागण्याचे कारण सांगता यावे. दोष दाताच्या मऊपणात नसून त्याच्या सभोवतालच्या परिस्थितीत आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

पोकळीचे पाच वर्ग

दात कोठे किडला आहे यावरून ब्लॅक यांनी पोकळ्यांचे पाच वर्ग केले. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरील खाचांमध्ये लागलेली कीड पहिल्या वर्गात येते. दोन दाढांच्या मधल्या फटीत लागलेली कीड दुसऱ्या वर्गातील. पुढच्या दातांच्या मधल्या बाजूस लागलेली, पण दाताचा कोपरा शाबूत ठेवणारी कीड तिसऱ्या वर्गातील आणि कोपराही गमावलेला असेल तर चौथ्या वर्गातील. हिरडीलगतची कीड पाचव्या वर्गात मोडते. पुढे इतरांनी त्यात सहाव्या वर्गाची भर घातली.

प्रत्येक वर्गातील पोकळी कशी कोरावी, याचा क्रमही त्यांनी ठरवून दिला. आधी बाह्य आकार निश्चित करायचा, मग चावण्याचा भार पेलेल असा सपाट तळ करायचा, भरलेला पदार्थ निसटणार नाही अशी पकड निर्माण करायची, अवजार पोहोचेल एवढी जागा करायची, उरलेली कीड काढायची, कडा नीट करायच्या आणि शेवटी पोकळी स्वच्छ करायची. अवजारांनाही त्यांनी सूत्र दिले. पात्याची रुंदी, लांबी आणि त्याचा कोन अंकांत लिहिल्याने कोणत्याही गावातील दंतवैद्याला हवे ते अवजार अचूक मागवता येऊ लागले. हे सारे १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विखंडी ग्रंथात सविस्तर आले.

निरोगी भागाचा बळी

ब्लॅक यांच्या पद्धतीचे एक तत्त्व पुढे वादाचा विषय झाले. कीड जेवढ्या जागेत आहे तेवढीच जागा कोरून भागणार नाही, असे ते शिकवत. शेजारच्या खाचा आज निरोगी असल्या तरी उद्या तेथेही कीड लागेल. म्हणून पोकळीची कड जेथे अन्न साचत नाही आणि जीभ, गाल व घास यांच्या घर्षणाने दात आपोआप स्वच्छ राहतो, तेथपर्यंत न्यावी, असा त्यांचा आग्रह होता. प्रतिबंधासाठी विस्तार, या नावाने हे तत्त्व ओळखले जाते.

त्या काळाच्या मर्यादा ध्यानात घेतल्यास हा आग्रह समजण्यासारखा होता. अ‍ॅमलगम दाताला चिकटत नाही. तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशा पोकळीत ते अडकवूनच ठेवावे लागते. नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला तो १९३८ मध्ये. रोज दात घासण्याची सवय सार्वत्रिक नव्हती. आरंभीची कीड दाखवणारी क्ष-किरण तपासणीही तेव्हा दवाखान्यांत रुळलेली नव्हती. एकदा भरलेला दात पुन्हा किडला, तर तो बहुधा काढावाच लागे. अशा वेळी थोडा निरोगी भाग गमावून संपूर्ण दात वाचवणे हा हिशेब योग्य होता. तथापि, परिस्थिती बदलल्यावरही हे तत्त्व बराच काळ तसेच शिकवले गेले आणि अनेकांच्या दातांचा गरजेपेक्षा अधिक भाग कापला गेला, हेही तितकेच खरे आहे.

कोलोराडोचे डाग

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ब्लॅक यांचे लक्ष एका वेगळ्या कोड्याकडे वळले. कोलोराडो राज्यातील तरुण दंतवैद्य डॉ. फ्रेडरिक मॅके यांना आपल्या भागातील अनेक रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते. त्यांच्या निमंत्रणावरून ब्लॅक १९०९ मध्ये तेथे गेले. तेथेच जन्मलेल्या मुलांपैकी बहुतेकांचे दात डागाळलेले होते. बाहेरून मोठेपणी आलेल्यांना मात्र हा त्रास नव्हता. म्हणजे दात घडत असतानाच काहीतरी बिघडत होते. त्याहून आश्चर्याची बाब अशी, की हे कुरूप दिसणारे दात किडण्याच्या बाबतीत इतर दातांपेक्षा अधिक चिवट होते.

ब्लॅक यांनी अखेरपर्यंत या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाचा पहिला मिलर पुरस्कार त्यांना देण्यात आला. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. डागांचे कारण त्यांच्या हयातीत कळले नाही. ते १९३१ मध्ये उघड झाले. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडचे अधिक प्रमाण हेच ते कारण होते. फ्लोराइड अल्प प्रमाणात असेल तर दाताचे कवच कणखर होते आणि अधिक झाले तर तेच कवच बिघडते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

भारताशी असलेला धागा

भारतात दंतवैद्यकाच्या शिक्षणाचा पाया घालणारे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून पदवी घेतली. ब्लॅक यांनी १८९० च्या सुमारास याच विद्यापीठात अध्यापन केले होते. अहमद मायदेशी परतले आणि १९२० मध्ये त्यांनी कोलकाता येथे देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी स्वतःच्या आइस्क्रीमच्या दुकानातून उभा केला. दात भरण्याच्या शास्त्रावर विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले.

कोलोराडोच्या डागांचा प्रश्न भारतालाही परका नाही. १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडजन्य विकाराची नोंद झाली. त्यानंतर देशाच्या अनेक राज्यांत, तसेच महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतही हा प्रश्न आढळला. पाण्यातील जादा फ्लोराइड काढून टाकण्याची नलगोंडा पद्धत नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली.

आजच्या खुर्चीवर

आज दात भरून घेण्यासाठी जाणाऱ्या रुग्णाला ब्लॅक यांचा क्रम अजूनही अनुभवता येतो, केवळ साधने बदलली आहेत. प्रथम तपासणी होते आणि आवश्यक असल्यास क्ष-किरण छायाचित्र काढले जाते. कीड वरवरची असेल तर भुलीची गरज पडत नाही. खोल असेल तर हिरडीत इंजेक्शन दिले जाते. सुई टोचताना क्षणभर दुखते आणि मग ओठ व गाल जड होतात. हा बधिरपणा साधारणतः दोन-तीन तास टिकतो. तेवढ्या वेळात गाल किंवा ओठ चावला जाऊ नये, विशेषतः लहान मुलांकडून, याची काळजी घ्यावी लागते.

१९५७ नंतर प्रचारात आलेले हवेच्या दाबावर फिरणारे यंत्र मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेते. त्याचा कर्कश आवाज अनेकांना भीतीदायक वाटतो. परंतु सोबत येणारी पाण्याची फवार दात तापू देत नाही. किडका भाग काढल्यानंतर पोकळी भरली जाते. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर राळ चिकटवता येते, हे दाखवून दिले. त्यातून दाताच्या रंगाचे चिकटणारे पदार्थ विकसित झाले. ते निळ्या प्रकाशाच्या झोताने काही सेकंदांत घट्ट होतात. पदार्थ चिकटत असल्याने अडकवण्यासाठी निरोगी भाग कापण्याचे कारण उरले नाही. ब्लॅक यांचे विस्ताराचे तत्त्व त्यामुळे मागे पडले. आता शक्य तितका कमी दात कोरण्यावर भर दिला जातो.

शेवटी रंगीत कागद चावायला देऊन भरलेला भाग उंच तर झाला नाही ना, हे पाहिले जाते. पुढील काही दिवस थंड किंवा गरम पदार्थांनी थोडी झिणझिण जाणवणे स्वाभाविक असते. मात्र दात चावताना उंच लागत असेल, रात्री आपोआप ठणकत असेल किंवा सूज आली असेल, तर पुन्हा दंतवैद्याकडे जाणे आवश्यक ठरते.

अ‍ॅमलगमचा वापरही आता ओसरत आहे. पाऱ्याच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये झालेला मिनामाता करार २०१७ पासून लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीयदृष्ट्या अपरिहार्य प्रसंग वगळता, दंतोपचारातील अ‍ॅमलगमवर बंदी घातली. करारात सहभागी असलेल्या देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा वापर २०३४ पर्यंत संपवण्याचे ठरवले.

शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये १९१८ साली ब्लॅक यांचा पुतळा उभारण्यात आला. ज्या महाविद्यालयाचे ते अधिष्ठाता होते, ते २००१ मध्ये बंद झाले. त्यांचा मिश्रधातू आणि त्यांचे विस्ताराचे तत्त्व मागे पडत असले, तरी त्यांची मोजून, तपासून निष्कर्ष काढण्याची पद्धत टिकून आहे. त्यांच्या मतांत पुढे झालेली दुरुस्तीही याच पद्धतीने झाली. दंतवैद्य किडलेले दात दुरुस्त करण्याऐवजी ते किडूच नयेत यासाठी काम करतील, असा दिवस आपल्या तरुण विद्यार्थ्यांच्या हयातीत येईल, असा विश्वास त्यांनी १८९६ मध्ये व्यक्त केला होता. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, रोजचा ब्रश, गोड पदार्थांवरील संयम आणि नियमित तपासणी यांमुळे त्या दिवसाची वाट आज मोकळी झाली आहे. दातावर नुकताच दिसू लागलेला पांढुरका डाग वेळीच दंतवैद्याला दाखवला, तर पुष्कळदा पोकळी कोरण्याची वेळच येत नाही.